घरी बसवलेलं रिमोट लॉक आणि रिमोट स्टार्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेस मॉडेलची जुनी आल्टो, वॅगन-आर, सँट्रो किंवा इंडिका, नाना पेठेतून नाहीतर ऑनलाइन मागवलेलं सेंट्रल लॉकिंगचं किट, आणि रविवारची मोकळी दुपार. किट बसवून झालंय पण कुठेतरी अडलंय, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: रिमोट लॉक हौशी माणसाला जमतं. रिमोट स्टार्टचं तसं नाही, आणि हाताने गिअर टाकायच्या गाडीत तर मी ते बसवूच नका म्हणेन. का, ते पुढे येईल.

सगळं जोडलं, पण काहीच हलत नाही. डबा (किटचं कंट्रोल युनिट) खराब निघाला का?

डब्यावरचा संशय सगळ्यात शेवटी ठेवा. आधी मल्टिमीटर हातात घ्या. गाडी रात्रभर उभी असेल तर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. १२.२ म्हणजे ती साधारण अर्धी उतरलीय, आणि १२.० च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, बाकीचं नंतर. मग किटचा फ्यूज काढून बघा. नुसतं डोळ्यांनी नको, मीटरने. त्यानंतर डब्याच्या कपलरवर, म्हणजे वायर जिथे डब्यात शिरते तिथे, पॉझिटिव्ह पोचतंय का ते पाहा.

एवढं ठीक असेल तर अर्थ, म्हणजे काळ्या निगेटिव्ह वायरीची गाडीच्या पत्र्याला केलेली जोडणी, तपासा. दहातल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं माझं मत आहे. डॅशबोर्डखाली हाताला लागेल तो स्क्रू सैल करून त्याच्याखाली काळी वायर गुंडाळलेली असते. तो स्क्रू एकतर प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये असतो नाहीतर रंग दिलेल्या पट्टीत. कंटिन्युइटी (वायर अखंड आहे का ते तपासायची सोय) लावली तर मीटर 'टीं' करतो, त्यामुळे सगळं बरोबर आहे असं वाटतं. पण चार मोटरींनी एकदम करंट ओढला की त्या रंगाच्या थरावरच व्होल्टेज अडकतं. म्हणून अर्थची परीक्षा करंट चालू असतानाच घ्यायची. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं डब्याच्या काळ्या वायरीला, आणि घरातल्या कुणाला तरी रिमोट दाबायला लावा. लॉकचा झटका अर्ध्या सेकंदाचाच असतो, आकडा स्थिर व्हायला वेळ मिळत नाही. मीटरला 'मॅक्स'चं बटण असेल तर ते वापरा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ बदला. बॉडीचा मूळचा बोल्ट शोधा, त्याखालचा रंग सँडपेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, वायरीला रिंग टर्मिनल लावा आणि वरून थोडं ग्रीस चोळा, म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही.

लॉक दाबलं की उघडतं आणि अनलॉक दाबलं की बंद होतं!

मोटरीच्या दोन जाड वायरी उलट्या लागल्यात. बहुतेक किटमध्ये त्या निळ्या आणि हिरव्या असतात. सगळेच दरवाजे उलटे चालत असतील तर डब्याजवळ अदलाबदल करा; एकच दरवाजा उलटा असेल तर फक्त त्या दरवाज्यात.

ड्रायव्हरच्या दरवाज्याची मोटर पाच वायरींची आणि बाकीच्यांची दोन वायरींची, असं का?

दोन जाड वायरी मोटर फिरवायला. उरलेल्या तीन बारीक वायरी आतल्या स्विचच्या; ड्रायव्हरने चावीने किंवा खुंटीने (दरवाज्यावरच्या लॉकच्या बटणाने) लॉक केलं हे डब्याला त्यांच्यामुळे कळतं. सहसा काळी अर्थची असते, तपकिरी आणि पांढरी सिग्नलची. पण रंगांवर आंधळा विश्वास नको, किटच्या कागदावरची आकृती बघाच.

पाच वायरींची मोटर चुकून मागच्या दरवाज्यात बसवली तर रिमोट चालतो, पण ड्रायव्हरच्या दरवाज्याला चावी फिरवली तरी बाकीचे दरवाजे ढिम्म राहतात. आणि तपकिरी-पांढरी उलट लागली तर मोठी गंमत होते: तुम्ही हाताने लॉक करता, डब्याला 'अनलॉक'चा सिग्नल जातो, तो पुन्हा उघडतो. दरवाजा भुताटकी झाल्यासारखा स्वतःशीच भांडत राहतो. त्या दोन वायरी बदला, भांडण मिटेल.

रिमोटने उघडलं आणि अर्ध्या मिनिटात आपोआप पुन्हा लॉक झालं. बिघाड आहे का?

नाही. अनलॉक करूनही दरवाजा उघडला नाही तर परत लॉक व्हायचं, अशी सोय बहुतेक किटमध्ये मुद्दाम ठेवलेली असते. पण दरवाजा उघडूनही लॉक होत असेल तर 'दरवाजा उघडा आहे' हे डब्याला कळत नाहीये. छतावरचा दिवा ज्या डोअर स्विचने लागतो, त्याची वायर डब्याला जोडायची राहिलीय किंवा उलट्या इनपुटला लागलीय. मारुतीसारख्या जपानी वळणाच्या गाड्यांत हा स्विच सहसा अर्थ देतो, म्हणजे दरवाजा उघडला की वायर निगेटिव्ह होते. त्यामुळे ती डब्याच्या निगेटिव्ह डोअर इनपुटलाच लावा. ही जोडणी होईपर्यंत चावी इग्निशनमध्ये ठेवून खाली उतरू नका.

एक दरवाजा अर्धवटच लॉक होतो. मोटर कमजोर आहे का?

मोटर बदलण्याआधी डोअर पॅड काढून काच खाली-वर करत आत बघा. किटची मोटर दरवाज्याच्या आतल्या पत्र्यावर दोन स्क्रूंनी बसते, आणि तिची सळई लॉकच्या मूळ सळईला छोट्या क्लॅम्पने जोडलेली असते. मोटरीची चाल जेमतेम दोन सेंटिमीटर. या दोन्ही सळया समांतर हव्यात. पंधरा-वीस अंश जरी तिरक्या झाल्या तरी काही जोर बाजूला ढकलण्यात जातो, सळई घासते आणि खुंटी अर्ध्यावर थांबते. क्लॅम्प लावताना खुंटी पूर्ण खाली आणि मोटरीचा दांडाही पूर्ण खाली ठेवूनच स्क्रू आवळायचा. एक मधोमध आणि दुसरी टोकाला असताना आवळलं की एका बाजूची चाल कमी पडणारच.

मग हाताने खुंटी वर-खाली करून बघा. जड जात असेल तर मोटर काय करणार? दहा-बारा वर्षांच्या गाडीत लॉकच्या यंत्रणेत धूळ आणि वाळलेलं ग्रीस साचलेलं असतं. डब्ल्यूडी-४० मारून ते धुऊन काढा, पुसा, आणि मग पांढरं ग्रीस लावा. नुसतं डब्ल्यूडी-४० मारून सोडून दिलं तर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तीच कथा. दरवाज्याची चावीही पूर्वीइतकीच हलकी फिरायला हवी. जड झाली असेल तर सळई कुठेतरी अडतेय. चावीने उघडणारा किमान एक दरवाजा कायम चालू ठेवा, कारण बॅटरी उतरली की रिमोट म्हणजे नुसता खुळखुळा.

काच खाली घेतली की 'कट्' आवाज येतो.

काच मोटरीला किंवा तिच्या वायरीला लागतेय. लगेच थांबा. मोटर पुढे-मागे सरकवा आणि वायरी टायने बांधून काचेच्या वाटेतून बाजूला घ्या.

पाऊस सुरू झाला आणि लॉक वेड्यासारखं वागायला लागलं.

डोअर पॅडच्या मागे मूळचा प्लॅस्टिकचा कागद असतो. तो फाडून फेकला असेल किंवा नुसता लटकत ठेवला असेल तर दरवाज्यात आलेलं पाणी थेट आत, तुमच्या जोडांवर. काचेच्या रबराजवळून दरवाज्यात पाणी येणारच. गाडी बनवणाऱ्याला ते माहीत असतं, म्हणून दरवाज्याच्या तळाला पाणी जायला भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजलीत का ते टाचणीने नाहीतर तारेने बघा. कागद पुन्हा नीट चिकटवा; फाटला असेल तर जाड पॉलिथिन कापून ब्यूटाइल टेपने लावा. मोटरीच्या कपलरकडे जाणारी वायर खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत कपलरमध्ये न शिरता झोलाच्या तळाला गळेल.

आणि जोड. काळी पीव्हीसी इन्सुलेशन टेप उन्हात वितळून चिकट होते आणि गळून पडते. माश्या पकडायच्या कागदासारखी झालेली ती टेप कुठल्याही जुन्या गाडीच्या डॅशबोर्डखाली सापडेल. सोल्डर करा, वर हीट श्रिंक, आणि त्यावर कापडी टेप. वायरीवर दाबून बसवायच्या निळ्या-लाल क्लिपा सोयीच्या असतात, पण त्यातलं पातं वायरीच्या चार-दोन तारा कापतं आणि उरलेल्यांवर काम चालतं. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत हे जोड एका पावसाळ्यात हिरवे पडतात. मी त्या वापरतच नाही.

फ्यूज वारंवार उडतो, पण कधीच रिमोट दाबताना नाही; दरवाजा उघडला की उडतो.

दरवाजा आणि खांब यांच्यामधली वायर सोलली गेलीय. मूळ वायरी ज्या रबरी नळीतून जातात त्यातूनच तुमच्याही जायला हव्यात. पत्र्याला भोक पाडून रबराशिवाय वायर काढली असेल तर दर उघडझापीला पत्र्याची धार तिला करवतते. मोठा फ्यूज टाकणं हा यावर उपाय नव्हे. किटने १५ अँपिअर सांगितला असेल तर १५ च. तिथे ३० चा टाकला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल, आणि ती जळते तुमच्या पायाशी, गालिचाखाली.

माझ्या गाडीत ड्रायव्हरची खुंटी दाबली की सगळे दरवाजे आधीपासूनच लॉक होतात. मला किटच्या मोटरी लागतील का?

नाही, आणि म्हणूनच तुमचं काम सोपं आहे. गाडीत मूळचं सेंट्रल लॉकिंग आहे, फक्त रिमोट नाही. ड्रायव्हरच्या दरवाज्यातल्या स्विचमधून दोन बारीक वायरी मूळ मॉड्यूलकडे जातात. मीटर लावून खुंटी दाबा. वायरीवर एरवी ५ किंवा १२ व्होल्ट असतील आणि लॉक करताना ते शून्यावर जात असतील, तर ती निगेटिव्ह ट्रिगरची गाडी, म्हणजे वायर अर्थला टेकली की लॉक होणारी. खात्रीसाठी ती वायर १ अँपिअरच्या फ्यूजमधून क्षणभर अर्थला टेकवा. दरवाजे लॉक झाले तर बरोबर वायर सापडली. आता डब्यातल्या दोन रिलेंचं (विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचचं) कॉमन टोक अर्थला, आणि 'एरवी सुटलेलं' टोक या वायरींना. रिलेची तिसरी वायर इन्सुलेट करून मोकळी सोडा.

इथे एक चूक महाग पडते. किटच्या आकृतीत मोटरींसाठीची जोडणी पहिली छापलेली असते, ती बघून लोक रिलेला १२ व्होल्ट देतात आणि तेच व्होल्टेज या बारीक वायरीतून मूळ मॉड्यूलमध्ये जातं. मॉड्यूल गेलं की काचा, वायपर, आतला दिवा, जे जे त्यावर असेल ते सगळं बसतं.

रिमोट गाडीला टेकवल्याशिवाय चालत नाही.

आधी रिमोटमधला सेल. सीआर २०३२ असेल तर नवा ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.८ च्या खाली गेला की बदला. काही रिमोटमध्ये करंगळीच्या पेराएवढा १२ व्होल्टचा सेल असतो, दुकानात तो २३ए किंवा २७ए म्हणून मिळतो. दोन्हींची जाडी वेगळी, नीट बघून घ्या.

सेल चांगला असेल तर डब्यातून बाहेर आलेली, कशालाच न जोडलेली एकटी वायर शोधा. ती अँटेना आहे. 'ही कशाला लोंबकळतेय' म्हणून ती कापली जाते, गुंडाळून टेपने बांधली जाते किंवा उरलेली वायर म्हणून अर्थला जोडली जाते. आपल्याकडचे रिमोट बहुतेक ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. त्या लहरीच्या पाव लांबीचा हिशेब १७ सेंटिमीटरच्या आसपास येतो. अमेरिका आणि जपानच्या बाजारातल्या ३१५ मेगाहर्ट्झच्या रिमोटला साधारण २४ सेंटिमीटर लागतात. वायर कापली गेली असेल तर तेवढ्याच लांबीचा तुकडा सोल्डर करा, सरळ ठेवा, आणि डब्यासकट पत्र्यापासून लांब, डॅशबोर्डच्या वरच्या भागात, काचेच्या जवळ न्या. स्टिअरिंगखाली लोखंडी पट्ट्यांच्या जंगलात बसवलेला डबा दहा फुटांच्या पुढे ऐकणार नाही.

रेंज कधी चांगली, कधी शून्य, असं होत असेल तर सिगारेट लायटरच्या खोबणीतला स्वस्त यूएसबी चार्जर काढून बघा, आणि बाजारातून बसवलेले एलईडी दिवे बंद करून बघा. त्यांच्यातली सर्किटं रेडिओचा गोंगाट करतात.

आणखी एक: मोबाइलच्या कॅमेऱ्यात रिमोटचा उजेड दिसत नाही म्हणून रिमोट बिघडला, असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. ती युक्ती टीव्हीच्या रिमोटची. गाडीचा रिमोट रेडिओवर चालतो.

दोन रिमोटपैकी एकच चालतो.

दुसरा डब्याला पुन्हा शिकवा. डब्यावर किंवा छोट्या वायरीवर शिकवण्याचं बटण असतं. क्रम किटच्या कागदावर. बऱ्याच डब्यांत एक नवा रिमोट शिकवला की जुने पुसले जातात, म्हणून सगळे रिमोट एकाच बैठकीत शिकवा. किट निवडताना बदलता कोड असलेलं घ्या. कायम एकच कोड पाठवणाऱ्या रिमोटचा सिग्नल पकडून पुन्हा वाजवणं फार अवघड नाही.

उजवा इंडिकेटर दिला की डावाही लुकलुकतो.

डब्याच्या एकाच वायरीला दोन्ही बाजूंचे इंडिकेटर जोडलेत, त्यामुळे एकीकडचा करंट तिथून पलीकडे जातो. डब्याला दोन वेगळ्या वायरी असतील तर एक डावीकडे, एक उजवीकडे. एकच असेल तर तिला दोन फाटे काढून प्रत्येकात एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जोडा, पट्टीची बाजू बल्बकडे. लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत डायोड मागितला की दुकानदार सवयीने १एन४००७ हातावर ठेवेल. तो १ अँपिअरचा. एका बाजूला पुढचा २१ वॅट, मागचा २१ वॅट आणि बाजूचा ५ वॅट धरला तर ४७ वॅट, म्हणजे जवळपास ४ अँपिअर होतात. ६ए१० मागा, तो ६ अँपिअरचा असतो.

ढोल-ताशा पथक गेलं की अलार्म वाजतो.

शॉक सेन्सरवर छोटा स्क्रू असतो, तो संवेदनशीलता कमी करण्याच्या बाजूला थोडा थोडा फिरवत तपासा. सेन्सर पातळ पत्र्यावर बसवला असेल तर जाड वायरिंगच्या गठ्ठ्याला टायने बांधा. गणपती आणि दिवाळी दोन्ही सुखात जातील.

चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. किट पितंय का?

मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या खोबणीत घाला, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मीटर त्या वायरीच्या आणि बॅटरीच्या मध्ये जोडा. मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जाईल. दरवाजे बंद, चावी बाहेर; अर्धा तास थांबा, म्हणजे गाडीतली मॉड्यूल्स झोपी जातील. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर किटवर खापर फोडू नका, बॅटरीचं वय बघा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. आकडा ज्या फ्यूजला धपकन खाली येईल तिथे चोर आहे.

हिशेब असा: १०० मिलिअँपिअरची गळती म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-तास. लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्यात निम्मी. त्यात ती चार वर्षांची असेल तर पाचव्या दिवशी सेल्फ 'टक्' करून गप्प. कित्येकदा चोर निघतो तो नीट न मिटणारा डिक्कीचा दिवा, आणि बिचारा रिमोटचा डबा उगाच बदनाम होतो.

कुठल्या वायरींना हात लावायचाच नाही?

पिवळ्या आवरणातल्या आणि पिवळ्या कपलरच्या. त्या एअरबॅगच्या. त्यांना मीटरही लावू नका. इंजिनच्या संगणकाकडे जाणाऱ्या पीळ घातलेल्या वायरींच्या जोड्याही सोडून द्या. बल्बवाला टेस्ट लॅम्प जुन्या प्रीमियर पद्मिनीला ठीक होता. आजच्या गाडीत तो खूप करंट ओढतो. मल्टिमीटरच वापरा. आणि सीएनजी किटच्या वायरिंगमधून पॉझिटिव्ह चोरू नका.

बॅटरी गेली तर आत अडकू का?

प्रत्येक दरवाजा आतून, वीज नसताना, हाताने उघडतो का हे बॅटरीची वायर काढून स्वतः तपासा. किटची मोटर चुकीची बसली असेल तर ती खुंटीला आतून अडवू शकते. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरात बंद गाड्यांत अडकून माणसं दगावली होती. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, ती करून मगच डोअर पॅड लावा.

आता रिमोट स्टार्ट. मॅन्युअल गाडीला बसवू नका असं का म्हणता?

आपल्याकडे चढावर, घाटात, सोसायटीच्या उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून उतरायची सवय आहे, आणि ती चांगली सवय आहे. अशा गाडीचा सेल्फ फिरला की गाडी पुढे उडी घेते. हे होऊ नये म्हणून बऱ्याच नव्या मॅन्युअल गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरत नाही. बाजारातल्या किटच्या कागदावर मात्र तोच क्लच स्विच बायपास करायला सांगितलेला असतो, कारण त्याशिवाय किट चालणारच नाही. म्हणजे गाडीतलं एकमेव कुलूप आपण आपल्या हाताने काढतो.

चांगल्या किटमध्ये यावर एक तोडगा असतो: इंजिन चालू असतानाच न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, चावी काढायची, उतरून दरवाजा लावायचा, मग इंजिन बंद होतं. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली हे यातून सिद्ध होतं. मध्ये कुणी दरवाजा उघडला की रिमोट स्टार्ट रद्द. पण हे सगळं हँडब्रेकच्या आणि चारही दरवाज्यांच्या स्विचवर उभं आहे. एका दरवाज्याची वायर जोडायची राहिली, किंवा स्विच गंजला, की तोडगा पोकळ झाला.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२६ सांगतं की सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी ठेवायची तर चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज हवी. रस्त्याकडेला उभ्या गाडीचं इंजिन चौथ्या मजल्यावरून चालू करणं या कलमासमोर टिकवणं कठीण. आणि बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये तर नकोच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ऑटोमॅटिक गाडी आहे. रिमोटने इंजिन चालू होतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं.

इमोबिलायझर. चावीच्या मुठीत चिप असते, इग्निशनभोवतीची कॉइल ती वाचते. चिप दिसली नाही की इंजिनचा संगणक पेट्रोल तोडतो. मारुतीत याच प्रकारच्या यंत्रणेला आय-कॅट्स म्हणतात. खात्री करायची सोपी रीत: चावी इग्निशनमध्ये घाला, पण फिरवू नका, आणि रिमोटने स्टार्ट करा. आता इंजिन चालू राहिलं तर तुमची बाकीची वायरिंग बरोबर आहे, दोष फक्त बायपासचा, म्हणजे चिपची अट भागवणाऱ्या जोडणीचा.

बायपासच्या स्वस्त प्रकारात दुसरी चिपवाली चावी एका डबीत ठेवून डॅशबोर्डमध्ये लपवतात. म्हणजे चोराला काच फोडायचेच कष्ट. अस्सल चिप आत हजरच. ही सोय मला पटत नाही. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, हेही लक्षात असू द्या.

सेल्फ इंजिन चालू झाल्यावरही घरघरत राहतो.

इंजिन चालू झालं हे डब्याला कळत नाहीये. इंजेक्टर किंवा कॉइलच्या वायरीवरून आरपीएमचा सिग्नल घेतला असेल तर तो शिकवायची पायरी राहिलीय. सिग्नल न घेता व्होल्टेजवरून अंदाज बांधणारा पर्याय निवडला असेल तर अर्धमेल्या बॅटरीत तो फसतो. ताबडतोब दुरुस्त करा, नाहीतर सेल्फचे दात आणि फ्लायव्हीलची रिंग दोन्ही जातील. याउलट, इंजिन छान चालू होऊन दहा-बारा सेकंदांनी बंद होत असेल तर तेही बहुधा याच सिग्नलचं दुखणं.

सेल्फ फिरतो, पण इंजिन घेतच नाही.

इग्निशनच्या वायरी ओळखण्यात घोळ झालाय. मीटर लावून चावीच्या प्रत्येक टप्प्यावर तपासा. जिच्यावर कायम १२ व्होल्ट, ती बॅटरीची. फक्त सेल्फ मारताना १२ येतात, ती स्टार्टरची. चावी 'ऑन'वर असताना १२ आणि सेल्फ मारतानाही १२ टिकतात, ती मुख्य इग्निशनची. 'ऑन'ला १२ पण सेल्फ मारताना शून्य होते, ती पंखा-एसीची. पहिल्याच टप्प्यावर १२ देते आणि सेल्फ मारताना जाते, ती ॲक्सेसरीची, म्हणजे स्टिरिओची. मुख्य इग्निशनच्या जागी पंख्याची वायर घेतली की नेमकं सेल्फ फिरताना इंजिनला वीज मिळत नाही. डिझेल गाडी असेल तर ग्लो प्लगसाठी थांबण्याचा वेळ किटमध्ये चालू केलाय का तेही बघा. आणि या वायरींतून २०-३० अँपिअर जातात. किटच्या वायरीपेक्षा बारीक तुकडा जोडून लांबी वाढवू नका.

रिमोट स्टार्ट काहीच करत नाही, नुसते पार्किंगचे दिवे लुकलुकतात.

किती वेळा लुकलुकले ते मोजा आणि किटचा कागद काढा. डबा नकार देण्याचं कारण सांगतोय. नेहमीचे गुन्हेगार दोन: बॉनेटचा पिन स्विच पाण्याने अर्थ झालाय, त्यामुळे बॉनेट उघडं आहे असं डब्याला वाटतंय, किंवा ब्रेक लाइट स्विच अडकलाय. वैताग आला म्हणून यांपैकी कुठलीही वायर कापू नका. बॉनेटमध्ये हात घालून काम करणाऱ्या मेकॅनिकची बोटं त्या पिनवर अवलंबून असतात.

टोरांटोत राहतो, उणे २० मध्ये रिमोट स्टार्ट ही चैन नाही. तिथे हेच लागू?

गरज खरी आहे, आणि तिथे गाड्या बहुतेक ऑटोमॅटिक. कॅनडात सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे, त्यामुळे चावी लपवायच्या डबीच्या नादी न लागता तुमच्या मॉडेलसाठीच प्रोग्रॅम केलेलं डेटा बायपास मॉड्यूल आणि कपलरला कपलर लागणारा हार्नेस घ्या. वायर कापावी लागत नाही, म्हणून वॉरंटीचा वादही कमी. कडाक्याच्या थंडीत रिमोटचा सेलही मान टाकतो. खिशात आतल्या बाजूला ठेवा.

शेवटी वायरमनकडेच न्यायची वेळ आली तर काय सांगू?

किटचा कागद, रिमोट आणि तुम्ही कुठली वायर कुठे जोडली त्याचे मोबाइलवरचे फोटो सोबत न्या. 'लॉक चालत नाही' एवढंच सांगू नका. कुठला दरवाजा, रिमोटने की चावीने, इंजिन चालू असताना की बंद, ते सांगा. दुरुस्ती होईपर्यंत किटचा फ्यूज काढून ठेवा आणि चावीनेच दरवाजे लावा.